चालायला लागलेल्या लेकराला घेऊन क्रूझवर: जहाजावर आणि बंदरात फिरायचं कसं

एक ते तीन वर्षांच्या पोराला घेऊन क्रूझला निघालो म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, ते रमेल का तिथे? रमतं हो, त्या वयात लिफ्टचं बटण दाबायला मिळालं तरी स्वारी खूष असते. तारांबळ उडते ती ने-आण करताना. केबिनमधून जेवायला, तिथून पूलवर, पूलवरून परत झोपवायला, दुसऱ्या दिवशी बंदरावर, आणि मध्ये अरुंद दारं, गच्च भरलेल्या लिफ्ट, उतरता गँगवे (जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल), कधी हलती बोट. म्हणून इथे फक्त या ने-आणीचंच लिहिलंय, कुठलं जहाज भारी आणि कुठल्या शोला जायचं ते बाकीचे लोक सांगतीलच.

बुकिंग करताना: केबिन कुठे आहे ते आधी बघा

लोक केबिन किती मोठी, बाल्कनी आहे का यातच अडकतात. लहान मूल असेल तर माझ्या मते जागा आधी, आकार नंतर. आयकॉन ऑफ द सीजसारखं जहाज साधारण ३६५ मीटर लांब आणि २० डेकचं, म्हणजे मजल्यांचं आहे, आणि तुमचं जहाज त्याहून लहान असलं तरी शेवटच्या टोकाची केबिन मिळाली की जेवणाच्या हॉलपर्यंत जायलाच बरीच पायपीट होते, आणि ती दिवसातून एकदा नाही होत, डायपर, दुपारची झोप, ओले कपडे, विसरलेला ससा असं करत चार-पाच वेळा केबिनवर परत यावं लागतं. त्यामुळे डेक प्लॅन उघडा आणि लिफ्टच्या जवळची पण लिफ्टच्या अगदी समोर नसलेली केबिन शोधा, समोर असली तर रात्री उशिरापर्यंत लोकांच्या गप्पा ऐकत बसाल.

जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर हलणं कमी जाणवतं. तसं दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही, दोन ते बारा या वयात जास्त लागते, पण तुम्हाला लागली तर मुलाला कडेवर घेऊन फिरणार कोण? म्हणून मधली जागा बरी. (औषधाचं निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा, मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं वगैरे प्रकार अजिबात नको.) आणि केबिनच्या वर काय आहे, खाली काय आहे तेही बघून घ्या. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात आणि झोपलेलं मूल उठतं, मग पुढचा सगळा दिवस रडारडीत. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम.

बाळाची कॉट लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, बहुतेक लाइन (क्रूझ कंपन्या) देतात पण संख्या मोजकीच असते. एक लक्षात ठेवा, कॉट उघडली की साध्या केबिनमध्ये चालायला जेमतेम पट्टा उरतो आणि त्याच पट्ट्यात तुमची स्ट्रोलरही ठेवायचीय.

वयाची अटही बघून घ्या. बऱ्याच लाइन सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असणाऱ्या सफरींना बहुतेक ठिकाणी मूल एक वर्षाचं पूर्ण असावं लागतं.

स्ट्रोलर: बारीक, हलकी, एका हाताने मिटणारी

यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळं घोडं इथेच अडतं.

साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर ५५ ते ६० सेंटिमीटरच रुंद असतं. घरी वापरतो ती मोठ्या चाकांची ऐसपैस बाबागाडी तिथून आत जातच नाही, आणि जुळ्यांची शेजारी-शेजारी सीटवाली तर विसराच. बरं, बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवू म्हणाल तर तेही चालत नाही, आग वगैरे लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो, त्यामुळे क्रूवाले ती उचलून न्यायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. म्हणजे प्रत्येक वेळी मूल बाहेर काढा, गाडी मिटा, दार ढकला, आत न्या. हे दार जड असतं आणि आपोआप बंद होतं, म्हणजे एक पाय दाराला लावून, एका काखेत पोर आणि दुसऱ्या हाताने गाडी, असा तो सगळा खेळ होतो, आणि नेमकी त्याच वेळी हाउसकीपिंगची ट्रॉली समोर उभी असते. म्हणून गाडी एका हाताने मिटणारी हवी हे मी परत परत सांगतोय. घेण्याआधी दुकानातच मुलाला कडेवर घेऊन मिटून बघा, जमलं तर घ्या.

दुसरं म्हणजे पाठ मागे पडणारी बघा. संध्याकाळी जेवण, मग शो, मग डेकवर फेरफटका, यात मूल कधीतरी झोपणारच, आणि सरळ बसून मान लटकवून झोपलेलं पोर अर्ध्या तासात उठतं. वर झाकण मोठं असलं तर उन्हालाही आणि दिव्यांनाही आडोसा होतो. हँडलला जड पिशव्या लटकवू नका, मूल उतरलं की गाडी मागे उलटते, आणि हलत्या जहाजावर तर हमखास. थांबलात की ब्रेक लावायचाच, जमीन सपाट वाटली तरी, कारण जहाज कधी कलेल सांगता येत नाही.

काही जहाजांवर स्ट्रोलर तात्पुरती वापरायला मिळते, पण ती बंदरावर न्यायला देतील असं धरून चालू नका. आपली असलेली बरी.

आणि गाडीच्या जोडीला बेबी कॅरियर, म्हणजे मुलाला अंगाला बांधून घेता येतं ते, हे पाहिजेच. मूल चालतं, आता कशाला, असं वाटतं, पण गँगवे, किनाऱ्यावर नेणारी छोटी टेंडर बोट, पायऱ्यांची गावं, सुरक्षा ड्रिलची गर्दी या सगळ्यात दोन्ही हात मोकळे लागतात. दोन्हीपैकी एकच नेता येत असेल तर? दीड वर्षाच्या आतलं असेल तर मी कॅरियर नेईन, त्याहून मोठं आणि वजनदार असेल तर गाडी.

चढायचा दिवस

तुमच्या मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत पोहोचायला दुपार, कधी संध्याकाळ होते. केबिनही बहुतेक वेळा दुपारी एक-दीडच्या आसपास उघडतात. म्हणजे मधले काही तास तुम्ही, मूल आणि हातातली पिशवी एवढंच. त्या पिशवीत दिवसभर पुरतील एवढे डायपर, कपड्यांचे दोन जोड, औषधं, सगळ्यांची कागदपत्रं, मुलाचं नेहमीचं खाणं, आणि ज्याच्याशिवाय झोप लागत नाही ती चादर किंवा खेळणं. एकच पालक मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं का ते निघण्याआधी विचारून घ्या, काउंटरवर हे कळलं तर घाम फुटतो.

सिक्युरिटीला मूल गाडीतून काढावं लागतं आणि गाडी मिटून स्कॅनरमधून जाते, त्यामुळे खालची बास्केट तेवढ्यापुरती रिकामीच ठेवा. पोहोचायची वेळ निवडता येत असेल तर झोपेची वेळ टाळून निवडा. झोपाळलेलं मूल आणि लांबच लांब रांग, दोन्ही एका वेळी नको.

वर गेल्यावर सगळे बुफेकडे पळतात. तुम्ही आधी ड्रिलचं उरकून टाका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या सुरक्षा ड्रिल व्हायलाच हवी असं आहे. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघायचा आणि मग आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची असा प्रकार असतो, लवकर गेलात तर दहा मिनिटांत सुटका. गाडी नेऊ नका, कॅरियरमध्ये घ्या. तिथेच दोन गोष्टी विचारा: मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट कुठे मिळेल, आणि मुलांच्या हातात बांधायचा मस्टर स्टेशनचा पट्टा देतात का. जॅकेट केबिनमध्ये नसेल तर स्टुअर्डकडे (केबिनची देखभाल करणाऱ्याकडे) मागा आणि त्याच दिवशी घालून बघा. पोर भोकाड पसरेल, पसरू दे.

केबिनमध्ये शिरल्यावर आधी गुडघ्यांवर बसा

मजा नाही करत, खरंच बसा आणि मुलाच्या उंचीवरून खोली बघा. बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चांगलाच उंच, मुलं तिथे ठेचकाळतात आणि झोपेत मोठेही. फोनची वायर, टेबलाचे कोपरे, खालच्या कप्प्यातला मिनीबार, सगळं हाताशी असतं. मिनीबार रिकामा करून द्या म्हटलं की स्टुअर्ड करून देतो, मग त्यातच दूध ठेवता येतं.

बाल्कनी असेल तर दाराची कडी कुठे आहे, मुलाचा हात पोहोचतो का, ते बघा. बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा, खुर्ची म्हणजे मुलासाठी शिडीच, नाहीतर सरळ आत आणा किंवा काढून न्यायला सांगा. मूल बाल्कनीत एकटं एक मिनिटही नाही, तुम्ही आतून बघत असलात तरी नाही. आणि बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एका वेळी उघडू नका, वारा असा खेचतो की दार धाडकन आपटतं आणि तिथे छोटी बोटं असतील तर... असो.

भिंती बहुतेक स्टीलच्या असतात, लोहचुंबकाचे हुक नेले तर ओले स्विमसूट, टोप्या, पिशव्या भिंतीवर टांगून जमीन मोकळी राहते. बेबी मॉनिटर मात्र त्या स्टीलमुळेच धड चालत नाही, त्याच्या भरवशावर मूल झोपवून बाहेर जायचा विचार मनात आणू नका. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि पाणी तापवायची किटली बऱ्याच लाइन जप्त करतात.

लिफ्ट, जिने आणि बाकी धावपळ

लिफ्टचं गणित एकदा कळलं की निम्मा त्रास कमी होतो. गर्दी ठरलेल्या वेळी होते, चढायच्या दिवशी दुपारी, जेवणाच्या पाळ्या सुटल्यावर, शो संपल्यावर आणि बंदरावर पोहोचल्यावरचा पहिला तास. या वेळांना गाडी घेऊन मधल्या लिफ्टपाशी उभं राहिलात तर दार उघडतं, आत खच्चून माणसं, सगळे तुमच्याकडे बिचाऱ्या नजरेने बघतात, दार बंद. परत तेच. पुढच्या किंवा मागच्या टोकाच्या लिफ्टकडे चालत जा, लांब पडतं पण लवकर मिळते. वर जाणारी रिकामी लिफ्ट आली तर खाली जायचं असलं तरी शिरा, फिरून येईल, तेवढीच मुलाला गंमत. शो संपायच्या पाच मिनिटं आधी उठा, थिएटरमध्ये दाराजवळच बसा म्हणजे उठताना कुणाची माफी मागत बसायला नको. एक-दोन डेकचंच अंतर असेल तर गाडी मिटून जिना बरा, पण एक हात कठड्याला.

आणि हो, व्हीलचेअरवाले कुणी थांबले असतील तर आधी त्यांना जाऊ द्या. तुमचं पोर कडेवर बसू शकतं.

दिशा कळत नसेल तर पहिल्याच दिवशी मुलाला घेऊन एक रिकामी चक्कर मारा, केबिनपासून जेवणाचा हॉल, पूल, मेडिकल सेंटर, आणि बंदरात बाहेर पडायचा डेक. कॉरिडॉर सगळे सारखेच दिसतात, म्हणून आपल्या दारावर काहीतरी ओळखीचं चित्र लावा, मूलच दोन दिवसांत दार दाखवायला लागतं. त्या लांब कॉरिडॉरमध्ये मुलांना दुडूदुडू पळायला भारी आवडतं, पळू द्या, फक्त सकाळी आणि रात्री नाही, आत माणसं झोपलेली असतात. उघड्या डेकवर वारा असेल तर हात सोडू नका आणि बाहेरचं दार आधी मोठ्यांनी उघडायचं, जोराचा वारा ते दार हातातून हिसकावून घेतो.

पूलबद्दल थोडक्यात: डायपर घालणाऱ्या मुलांना, स्विम डायपर असला तरी, बहुतेक जहाजांवर मुख्य पूलमध्ये सोडत नाहीत, हा स्वच्छतेचा नियम आहे आणि लाइफगार्डशी वाद घालून उपयोग नाही. काही जहाजांवर डायपरवाल्यांसाठी वेगळा पाण्याचा कोपरा असतो, बुकिंगआधीच विचारा. नर्सरीचंही तसंच. डिस्नी आणि रॉयल कॅरिबियनच्या ज्या जहाजांवर नर्सरी आहे तिथे सहा महिने ते तीन वर्षांपर्यंतची मुलं वेगळे पैसे भरून घेतात, कार्निव्हलच्या क्लबमध्ये दोन वर्षांपासून घेतात, आणि तीन वर्षांपासूनच्या क्लबांना मूल पॉटी ट्रेन झालेलं लागतं असं बऱ्याच ठिकाणी आहे. नर्सरीच्या जागा पटापट भरतात, जहाजावर चढल्या चढल्या तिकडे जा.

हात धुणं हा कंटाळवाणा विषय आहे पण सांगतोच, जहाजांवर उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच हवं. मूल लिफ्टची बटणं, कठडे, गालिचा सगळं चाचपतं आणि मग तेच हात तोंडात.

जेवायला पहिली पाळी घ्या आणि बसताक्षणी मुलाचं आधी आणायला सांगा. टेबल दाराजवळचं मागा.

बंदरावर: इथे डोकं वापरायचं

प्रत्येक बंदरावर उतरलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. सगळे उतरले की जहाज रिकामं असतं, लिफ्ट मोकळ्या, खेळायची जागा तुमचीच. मी तर म्हणेन निघण्याआधीच बंदरांचे तीन गट करा: जहाजापासून चालत फिरता येईल अशी, गाडीने लांब जावं लागेल अशी, आणि राहू दे म्हणावं अशी. रोमसाठीचं बंदर चिविताव्हेक्या हे रोमपासून साधारण ८० किलोमीटर आहे, फ्लोरेन्ससाठीचं लिव्होर्नो जवळपास ९०. जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये आणि मधल्या वेळात तापलेल्या फरशांवर बाबागाडी ढकलायची, हे तुम्हाला पटत असेल तर जा, मी बंदराच्या गावातच बागेत बसेन. डुब्रोव्हनिकची मुख्य वाट सपाट आहे पण बाजूच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. पॉम्पेईत मोठमोठे जुने दगड, गाडीची चाकं त्यांच्या फटीत अडकतात. अशा ठिकाणी कॅरियर.

उतरताना गँगवेचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, सकाळी सपाट होता तो दुपारी चढ झालेला असतो. त्यावर आडव्या पट्ट्या असतात, गाडीची छोटी चाकं ठेचकाळतात. मूल कडेवर किंवा कॅरियरमध्ये घ्या, गाडी मिटा, क्रूपैकी कुणीतरी धरायला पुढे येतंच.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. ग्रँड केमन, बेलीझ सिटी, सँटोरिनी ही अशी बंदरं. इथे मूल आणि गाडी दोन्ही सांभाळत उडी मारायचा विचार सोडा. होतं काय, की तुम्ही प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे असता आणि समोरची बोट वर-खाली होत असते, कधी पायरीएवढी वर, कधी तेवढीच खाली. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात. बोट वर येते तेव्हा ते थांबवतात, बरोबरीला आली की म्हणतात आता, आणि तेव्हाच पाय टाकायचा, आपल्या मनाने नाही. मूल छातीशी बांधलेलं, दोन्ही हात मोकळे, मिटलेली गाडी आधीच दुसऱ्या कुणीतरी आत दिलेली. समुद्र खवळलेला असेल तर आज नको म्हणून परत फिरायला लाज वाटू देऊ नका. सकाळच्या पहिल्या टेंडरांना झुंबड असते, तासाभराने गेलात तर निवांत. सँटोरिनीला तर टेंडरने पोहोचल्यावरही गाव वर डोंगरावर, जवळपास सहाशे पायऱ्या किंवा केबल कार, आणि केबल कारची रांग उन्हात. परतायच्या वेळीही तीच रांग असते हे धरूनच निघा.

टॅक्सी घ्यायची असेल तर मुलाच्या सीटचा प्रश्न येतो. बहुतेक टॅक्सीत ती नसते. आधी बुकिंग करून सीट मागता येते, मग निघण्याच्या आदल्या दिवशी परत एकदा खात्री करा, नाहीतर विमानातही चालणारी हलकी फोल्डिंग सीट बरोबर न्या. जहाजाच्या ग्रुप टूरच्या बसमध्ये काय सोय आहे ते टूर डेस्कला स्पष्ट विचारा, पट्टे आहेत का, कमरेचे की खांद्यापर्यंतचे. सीट नसेल तर चालत जाता येईल तेवढंच बघायचं, मांडीवर घेऊन जाऊ हा पर्याय धरूच नका.

वेळेचं एक. जहाजाची वेळ आणि गावातली वेळ वेगळी असू शकते आणि फोन आपोआप गावाची वेळ दाखवायला लागतो. हातात साधं घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेवर लावलेलं. परत चढायची शेवटची वेळ जहाज सुटायच्या अर्धा ते एक तास आधी असते, तुम्ही त्याच्याही दीड तास आधीचं ठरवा, कारण नेमकं परतीच्या वाटेवर डायपर भरतो, बूट हरवतो, किंवा स्वारी रस्त्यात फतकल मारून बसते. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

शेवटची सकाळ

काही जण स्वतःच्या बॅगा स्वतः घेऊन सगळ्यात आधी उतरतात. ते तुमच्यासाठी नाही, गाडी, मूल, बॅगा आणि लिफ्टची ती गर्दी, हात कमी पडतात. आदल्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवा, त्या टर्मिनलमध्ये मिळतात. फक्त त्याआधी सकाळचे कपडे, डायपर, दूध, औषधं आणि पासपोर्ट बाजूला काढलेत ना ते बघा, बॅगा गेल्या की गेल्या. झोपायचं खेळणं तर हमखास त्यातच जातं. उतरायचा नंबर उशिराचा मागा, सकाळी पोटभर खाऊ घाला, गँगवेपाशीची रांग ओसरली की निघा, आणि टर्मिनलबाहेर पडेपर्यंत मूल कॅरियरमध्येच ठेवा कारण बॅगांच्या पट्ट्याजवळ त्याला सोडलंत तर ते आधी त्या पट्ट्यावरच चढायला बघेल.